चौरंगावर राहिलेलं यंत्र

मॉरिसव्हिल, अमेरिका

चि. वसंता,
आशीर्वाद देते, पण रागाने.

केया जिवंत आहे. पाय मोडलाय, जुळेल. मोटारसायकलवरून डोंगरात जाते, तिथे फोन लागत नाही. म्हणून बटण दाबलं की उपग्रहावरून मदत बोलावणारं यंत्र जवळ ठेवते. खंडेनवमीला आम्ही ते चौरंगावर पुजलं, तर तू फोनवर शहाणपणा केलास, "अक्का, पुजलेलं यंत्र दसऱ्याआधी हलवायचं नाही." शेजारी बसलेल्या माझ्या नातीने तुझं ऐकलं. यंत्र चौरंगावर राहिलं आणि पोरगी दिवसभर दरीत पडून राहिली. एका ट्रकवाल्याला दिसली म्हणून वाचली.

तुझा गुडघा कसा आहे? औषध घेतोस ना?

केया म्हणते, "आजी, मामाआजोबांना बोलू नको, प्लीज." तिने तुला माफ केलंय. मी नाही.

अक्का