स्लिपच्या डाव्या कोपऱ्यात

व्हँकूव्हर, वॉशिंग्टन राज्य
२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

तुम्ही खुशाल असाल, गुडघा कुरकुरत असेल आणि शेजारच्या कुत्र्याशी तुमचं भांडण अजून चालू असेल, असं धरून लिहिते. अकरा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून घाबरू नका, घरात कोणी आजारी नाही. फोन केला असता, पण कागद कारखान्यातल्या यंत्रांनी तुमचे कान कधीच नेले, आणि ही बातमी तुम्हाला नीट कळायला हवी.

बाबा, मला पगारी केलं. तासावर नाही, पगारी. सतरा वर्षं त्या बेकरीच्या दारातल्या घड्याळात कार्ड घातलं, पाव मिनिट उशीर झाला तरी पैसे कापून घेतले, आणि एक जानेवारीपासून मी पावाच्या गाड्यांची व्यवस्थापक आहे. कुठली गाडी कुठल्या दुकानाला किती वाजता, हे आता मी ठरवते. वर्षाला सत्तावन्न हजार सहाशे डॉलर. कागद हातात पडला तेव्हा मी पावाच्या ट्रेवर बसूनच भागाकार केला. महिन्यात दोन पगार, म्हणजे दर खेपेला चोवीसशे. ड्रायव्हर लोकांना सांगितलं, कॅन्टीनवालीला सांगितलं, पेट्रोल पंपावर एका अनोळखी माणसालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाई, कापून हातात किती येतात ते सांगा." मला तुमचीच आठवण झाली.

पंधरा तारखेला पहिली स्लिप आली आणि माझं तोंड एवढंसं झालं. केंद्र सरकारचा कर, म्हाताऱ्यांचं पेन्शन, त्यांचं औषधपाणी, ऑरेगन राज्याचा कर, ऑरेगनच्या बसगाड्यांचा कर, ऑरेगनच्या रजेचा निधी. मी तर त्यांच्या बसमध्ये कधी चढतही नाही. राहते नदीच्या या बाजूला, जिथे राज्य पगाराला हात लावत नाही, आणि रोज पूल ओलांडून पलीकडे राबते म्हणून ऑरेगन आपला वाटा घेतं. तुम्ही म्हणायचा, ज्या राज्यात मत देता येत नाही त्याला एक दमडी द्यायची नाही. टीव्ही आणायला मात्र तुम्हीच पूल ओलांडून गेला होतात, तिकडे दुकानात विक्रीकर नाही म्हणून. हे मी विसरलेली नाही.

मग मी तडक पगार विभागात गेले. तिथल्या मिसेस टटल तीस वर्षं एकाच खुर्चीत बसल्यात आणि कोणाचंच वाईट वाटून घेत नाहीत. त्यांनी माझा फॉर्म काढला, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हा फॉर्म तू झोपेत भरलास का?" एका चौकटीत खूण चुकली होती. ती दुरुस्त केली आणि एकतीस तारखेच्या स्लिपमध्ये हातात सव्वाशे डॉलर जास्त आले. एका खुणेचे सव्वाशे, बाबा. दर पंधरवड्याला.

त्या संध्याकाळी मी गोड पाय-पेस्ट्री भाजली. रुबार्बच्या आंबट देठांची, फ्रीझरमधल्या. इंग्रिडला सांगितलं की आमच्या घरी पहिल्या पगाराला काय व्हायचं. सोळाव्या वर्षी बेरीच्या शेडमधून माझी पहिली स्लिप आली तेव्हा तुम्ही जेवणानंतर उभे राहिलात, एका हातात स्लिप, एका हातात सुरी. "हा तुकडा केंद्र सरकारचा. हा पेन्शनचा. हा औषधपाण्याचा. आणि राज्याचा? राज्याचा नाही, कारण आपण नदीच्या शहाण्या बाजूला राहतो." मग ते सगळे तुकडे तुम्हीच खाल्लेत, सरकारतर्फे. आई म्हणाली होती, "आर्विड, सरकार जाडं होत चाललंय." हे ऐकून इंग्रिड इतकी हसली की दूध नाकातून आलं. ती नऊ वर्षांची आहे, तुमच्यासारखीच कपाळाला आठ्या घालून वाचते. मला विचारत होती, "आजोबा ऑरेगनला घाबरतात का?" मी म्हटलं, तूच विचार कधीतरी.

तुमचा जावई डेल बरा आहे. कामात असतो.

तर ही दुसरी स्लिप सोबत पाठवतेय. तुम्ही वाचावी म्हणून. एवढंच.

तुमची,
नोरीन


व्हँकूव्हर
१२ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुम्ही मला एकच ओळ लिहिलीत: "चिठ्ठी वाचली, स्लिपही वाचली, डाव्या कोपऱ्यात काय छापलंय ते पाहिलंस का?"

मी टपालपेटीपाशी उभी राहून हसले आणि मग तिथेच रडले. समोरच्या बाईने गाडी थांबवून विचारलं, सगळं ठीक ना? मी म्हटलं, हो, वडिलांनी मला पकडलंय.

पाहिलं, बाबा. तेव्हा नाही, आता पाहिलं. सगळी बेरीज तपासली, कापलेल्या एकेका ओळीवर चरफडले, आणि माझ्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेला शब्द मात्र माझ्या नजरेतून निसटला. कुटुंबप्रमुख. नवरा घरात असलेल्या बाईच्या स्लिपवर तो शब्द येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला माहीत? मी पत्रात खोटं लिहिलं आणि खरं लिहिलेला कागद त्याच पाकिटात घातला.

डेल मे महिन्यात घर सोडून गेला. मी म्हटलं कामात असतो. असेलही, मला माहीत नाही कुठे. मार्चमध्ये आम्ही कराचा फॉर्म नवराबायको म्हणून एकत्र भरला, वर्षभर जास्त कापलेले तीन हजार चारशे परत यायचे होते. इंग्रिडचे दात सरळ करायला ते मी मनात बाजूला काढून ठेवले होते. ते एप्रिलमध्ये खात्यात आले आणि दोन दिवसांत गेले. दारात बोटीचं नवं इंजिन आलं. मी विचारलं तर म्हणाला, "ते काय तुझे एकटीचे होते?" तीन आठवड्यांनी बोट गेली, इंजिन गेलं, तोही गेला.

लग्नाच्या जेवणाला तुम्ही ग्लास हातात घेऊन उभे राहिलात आणि साठ माणसांसमोर म्हणालात, "आमच्या जावयात आणि ऑरेगनमध्ये फरक एवढाच, ऑरेगन कापतं ते निदान कागदावर लिहून देतं." सगळे हसले. मी हसले नाही. मी तुम्हाला म्हटलं, परत माझ्या घरी पाऊल टाकू नका. तुम्ही नाही टाकलंत. तुमचा शब्द पाळायचा हट्ट मला माहीत होता, तरी मी म्हटलं.

तुमचं खरं ठरलं. घ्या, लिहून दिलं. अकरा वर्षं त्याने काय काय कापून नेलं त्याची स्लिप कोणी मला दिली नाही. पण बाबा, तेव्हा तुम्ही ते मला स्वयंपाकघरात, एकटीला सांगायला हवं होतं. साठ माणसांसमोर नाही. हेही तुमच्या कार्डाच्या उत्तरात आहे असं समजा. मला राग होता, अजून थोडा आहे, आणि तरी गेले नऊ महिने रोज संध्याकाळी मला वाटत होतं की तुम्ही दारात यावं.

आता त्या खुणेचं खरं सांगते. पहिल्यांदा फॉर्म भरताना मी सवयीने "विवाहित" वर खूण केली, आणि खाली "दोघांच्या नोकऱ्या" वरही. त्यामुळे डेलचा पगारही या घरात येतो असं धरून माझं जास्त कापलं जात होतं. सवयीने म्हणते, पण लाजही होतीच. मिसेस टटल म्हणाल्या, "नवरा अजून त्याच गोदामात आहे का?"

मी म्हटलं, "असेल."

"असेल म्हणजे? घरी येत नाही का?"

"मेपासून नाही."

"घरभाडं कोण भरतं?"

"मी."

"लाइट, गॅस, मुलीचे बूट, पोटापाण्याचं?"

"मीच."

त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "मग इथे कर खूण, तिसऱ्या चौकटीत. वर्षाचे शेवटचे सहा महिने तो घरात नव्हता, लेकरू तुझ्यापाशी आहे, घर तू चालवतेस. अशा बाईला सरकार कुटुंबप्रमुख म्हणतं. तू स्वतःला काय म्हणतेस ते तू बघ."

बाबा, मी ती खूण इतकी जोरात केली की खालच्या कागदावरही उमटली. सव्वाशे डॉलरचा आनंद होताच, खोटं कशाला बोलू. पण नऊ महिने मला टाकून दिलेली बाई असल्यासारखं वाटत होतं, आणि केंद्र सरकारकडे माझ्यासाठी एक भारदस्त शब्द तयार होता.

आता खरी बातमी, जिच्यासाठी मी आधीचं पत्रही लिहिलं होतं, पण तेव्हा ती लिहायची हिंमत झाली नाही. बेकरी आपल्या बाजूला डेपो उघडतेय, व्हँकूव्हरमध्येच, माझ्या घरापासून सहा मिनिटांवर. एक मार्चपासून तो डेपो मला देतायत. पगार तोच. पण काम नदीच्या अलीकडे, म्हणजे ऑरेगनच्या तिन्ही ओळी स्लिपवरून पुसल्या जाणार. महिन्याला साडेतीनशेच्या वर हातात. आपलं राज्यही रजेच्या निधीसाठी चिल्लर कापतं, ती कापू दे. आणि इंग्रिडच्या दातांचं काम या उन्हाळ्यात होईल. मला हे ऐकल्यापासून धड झोप नाही, गाडी चालवताना एकटीच मोठ्याने हिशेब बोलते.

अडचण एकच. डेपोवर पहाटे पाचला हजर राहायचं. इंग्रिडची शाळेची बस पावणेआठला येते. नऊ वर्षांच्या मुलीला काळोखात एकटी ठेवून मी जाणार नाही, आणि त्या वेळेला कोणाला ठेवायचं तर ऑरेगनचे वाचलेले सगळे पैसे त्यातच जातील. शुक्रवारी वीस तारखेला मला हो किंवा नाही सांगायचंय. नाही म्हटलं तर डेपो दुसऱ्याला जाईल आणि मी पुलावरच राहीन.

तर विचारते. याल का? पाहुणे म्हणून नाही, राहायला. मागची खोली रिकामी आहे, तिथे बोटीचं सामान असायचं. तुमचा रेडिओ कितीही मोठा लावा, खालच्या मजल्यावर कोणी राहत नाही. तुम्ही चाळीस वर्षं पहाटेच्या पाळीला उठलात, अजूनही चारला जाग येत असणार, कॉफी करून खिडकीत बसत असणार. तीच कॉफी इथे करा. इंग्रिडला लापशी द्या आणि कोपऱ्यापर्यंत सोडा. घरी पाऊल टाकू नका असं मी म्हटलं होतं. ते मी परत घेते. कागदावर लिहून.

मिसेस टटलना हे सांगितलं तर त्या लगेच कामाचंच बोलल्या. "फॉर्मवर खाली आणखी एक ओळ असते, तुझ्यावर अवलंबून असलेली इतर माणसं. वडील येणार असतील आणि त्यांचा खर्च तू करणार असशील तर त्यांना तिथे घाल, थोडं आणखी वाचेल."

मी म्हटलं, "त्यांना त्या ओळीत घातलं तर ते फॉर्म फाडतील. आमच्याकडे कोण कोणावर अवलंबून राहणार आहे ते त्या ओळीत बसत नाही."

रुबार्बची एक पिशवी अजून फ्रीझरमध्ये आहे. मार्चची पहिली स्लिप येईल तेव्हा पाय-पेस्ट्री करीन. आईची सुरी तुमच्याकडे आहे ती आणा. तुम्ही उभे राहा, इंग्रिडला ओळी वाचू द्या, तुम्ही कापा. केंद्राचा तुकडा, पेन्शनचा, औषधपाण्याचा तुम्हीच खा, सरकारतर्फे. राज्याचा जो या वेळी कापायचा नाही, तो तिच्या ताटलीत ठेवा.

वीस तारखेच्या आत एक कार्ड टाका. एक ओळ पुरे, तुमच्या एका ओळीत मला सगळं कळतं.

तुमची वाट बघणारी,
नोरीन
कुटुंबप्रमुख