अर्धी तुळई

१२ नोव्हेंबर, मंगळवार

हनुमंतभावजींनी त्यांचा अर्धा वाडा विकला! म्हणजे जागा नाही — लाकूड. नसरापूरला हायवेकडेला जुनी दारं-खिडक्या विकतात ना, त्यातला एक सावळाराम आला आणि खडूने खुणा करून गेला. खांब, दारं, जिन्याचा कठडा. आणि माजघरावरची तुळई! ती अख्खी एकाच सागाची. निम्मी त्यांच्याकडे, निम्मी आमच्या डोक्यावर.

सासरे आणि चुलतसासरे वेगळे झाले तेव्हा दोरी लावून जमीन मोजली, मधे पुरुषभर भिंत घातली. वर कुणी बघितलंच नाही. शहाणे!

१३ नोव्हेंबर

भिंतीवरून विचारलं. भावजी म्हणाले, "माज्या वाटनीचं म्या इकतोय. तुमच्या निम्म्याला हात न्हाई लावत."

"आवं, पर कापल्यावर आमची माडी कशावर ऱ्हाईल?"

"टेकू द्या."

टेकू द्या म्हणे! माडी खाली आली तर मी राहू कुठे? चांदण्यात?

हे जेवले, हात धुतले, ओट्यावर जाऊन बसले. चुलतभावाशी बोलणं टाकलंय ते टाकलंय, निदान भांडावं तरी! "पोरगा शांत आहे" — लग्न ठरवताना हाच गुण सांगितला होता मला.

१५ नोव्हेंबर

जुने वाडे बघत फिरणारी पुण्याची माणसं आज परत दारात. फोटो, फोटो. "किती थंडगार हो तुमच्याकडे!" थंडगार म्हणजे अंधार, बाई. भोरातल्या मोठ्या लोकांनी मोठेपणा दाखवायला बांधलं, आणि घुशी हाकायला मी. या लाकडावर माझं काडीचं प्रेम नाही. पण घर आहे माझं. ते डोक्यावर राहावं, अंगावर येऊ नये, एवढंच.

भीती वाटते. रात्री वर बघत पडते.

१८ नोव्हेंबर, सोमवार

उद्या करवत येणार. प्रगती — भावजींची बायको — भिंतीपलीकडून हळूच म्हणाली, "ताई, मला कोन इचारतंय हितं?" तिचा राग करायचा होता, जमलं नाही.

शिवणाचं मशीन खाली आणलं. भिंतीला लागून, बरोब्बर तुळईखाली मांडलं. बघते कोण उठवतो ते!

१९ नोव्हेंबर

जिंकले!!

सकाळपासून मशीनवर बसून होते. सावळाराम माणसं घेऊन आत आला. मी म्हटलं, "कापा त्यांची निम्मी. माज्यावर पडली तर पडली." आणि पायडल मारत राहिले. त्याने वर बघितलं, मग भिंतीपलीकडे ओरडला, "हनुमंतराव, तुमी तुळई म्हनला व्हता! ही तर निम्मीच. हाटेलवाल्याला आख्खी पायजेल. तुकडा घिऊन काय करू म्या?" गेला की निघून! भावजींनी तिकडे कायतरी आपटलं.

शिरा केला. भिंतीवरून एक वाटी प्रगतीला दिली.

जेवताना हे म्हणाले, "आख्खीचं काय देत व्हता?"

"का? इकायचीय व्हय?"

हसले. किती दिवसांनी! मलाही हसू आलं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

झोप लागते आता. आज हे आपणहून म्हणाले, "सारोळ्याला जाऊन ये चार दिस, आईकडं. लई दमलीस." माहेराला जा असं या माणसाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. उगाच बोलते मी त्यांना. गप्प असतात, पण बघत असतात सगळं.

उद्या दुपारच्या एसटीने निघते.

२७ नोव्हेंबर

न कळवताच परत आले मी. मशीन ओट्यावर ठेवलं होतं, वर माझीच चादर घालून. माजघरातून आभाळ दिसत होतं. दारात ट्रक, आणि तुळई अख्खी त्यात चढवत होते — एका टोकाला हनुमंतभावजी, दुसऱ्या टोकाला हे.