माझ्या स्टोव्हवरचा चहा

नाशिक, मंगळवार, १९७८

सुमनने असं का करावं? एकाच शाळेत शिकवतो आम्ही. वर्गात खरोखर चहा करायचा आणि बाई काय करताहेत ते मुलींनी इंग्रजीत सांगायचं, म्हणजे चालू वर्तमानकाळ डोक्यात बसतो. ही माझी कल्पना, तिलाच सांगितलेली. आज वर्गांची तपासणी, म्हणून द्वारका चौकातून बसमध्ये स्टोव्ह मांडीवर घेऊन गेले. "दे गं जरा, स्टाफरूममध्ये चहा टाकते," सुमन म्हणाली. दिला.

तिचा तास माझ्या आधी. माझ्या तासाला मी स्टोव्ह पेटवला, तर तपासणीचे साहेब म्हणाले, "हे आत्ताच सुमनबाईंनी दाखवलं. नक्कल नको, स्वतःचं काही करा."

माझाच स्टोव्ह.

माझा तास सुरू व्हायच्या आधी, स्टोव्ह परत देताना, तिने मला कपभर चहा आणून दिला होता. कुठे केलास, हेही मी विचारलं नाही. छान झालाय गं, म्हटलं.