चटईखाली पेनीना

प्रिय ताई,

तू ऑकलंडहून पाठवलेला खोका पोचला. बिस्किटं पोरांनी उडवली. केसांच्या क्लिपा मात्र तशाच पडून आहेत. माझ्या पेनीनाला क्लिपा लावायला केसच राहिले नाहीत गं.

तिच्या वर्गातल्या सिसिलियाने आणि तिच्या टोळीने शाळेमागे धरून तिची वेणी कापली, फोनवर त्याचा व्हिडिओ काढला. रविवारी चर्चमध्ये बायका तो बघून हातपंख्याआड हसत होत्या. वर्षभर छळ चालला होता म्हणे. डबा मातीत ओतायचा, "ए मढं, चाट आता" म्हणायचं. पोरगी घरात एक शब्द बोलली नाही.

मग सिसिलियाचं अख्खं घर पहाटे आमच्या दारात माफीला बसलं. म्हातारेकोतारेसुद्धा, डोक्यावर मानाची चटई घेऊन, माना खाली घालून. तुला ठाऊकच आहे, घरच्या कर्त्याने ती चटई उचलली की वैर संपलं, पुन्हा विषय काढायचा नाही. मी म्हटलं, "अहो, आधी तिला विचारा तरी." ह्यांनी डोळे वटारले, "गावात तोंड दाखवायचंय मला. आता पोरी ठरवणार का?" आणि उचलली. गळाभेटी झाल्या, डुक्कर भाजलं. पेनीना मागे भांडी घासत होती.

दुसऱ्या दिवशी सिसिलिया तिला म्हणाली, "जा, कर तक्रार. तुझ्याच बापाने माफ केलंय मला." मी मुख्याध्यापकांकडे गेले, पाद्रींकडे गेले. दोघांचं एकच, "चटई उचलली ना? मग झालं." तेव्हापासून ती जेवत नाही. मी तिच्या अंगावर हात टाकून झोपते. मला फार भीती वाटते, ताई.

आज सकाळी आमच्या घरी राहिलेली तीच चटई डोक्यावर घेऊन पेनीना आमच्याच दाराकडे तोंड करून अंगणात बसली. अंगात शाळेचा गणवेश. मी विचारलं, "अगं, तू कसली माफी मागतेस?" म्हणाली, "माहीत नाही. पण मला माफ करा आणि शाळेत पाठवू नका." हे आत बसून आहेत. चटई उचलण्याचा मान ह्यांचा, माझ्या हाताला तो नाही. म्हणून मीच तिच्याशेजारी चटईखाली येऊन बसले. घरातले फोन ह्यांनी कुलपात ठेवलेत, म्हणून गुडघ्यावर कागद ठेवून हे लिहितेय. बसवाला पत्र विमानतळावर ऑकलंडला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती देईल. तिकडे पोरांचं ऐकून घेणारी माणसं असतात म्हणाली होतीस ना? तिला तिकडे घेऊन जा. दुपार टळली, दार अजून उघडलेलं नाही.

तुझीच,
तालालेलेई