जेसन म्हणजे बरा करणारा

बाबा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि परवा लीड्सच्या तुमच्या हॉस्पिटलनं एका सेमिनार रूमला तुमचं नाव दिलं. तुमचं म्हणजे जेसन. बारशाला ठेवलेलं नाव पाटीवर कुठेच नाही. तुमच्या जागी आलेला कन्सल्टंट भाषणात म्हणाला, ग्रीकमध्ये जेसन म्हणजे बरा करणारा, याहून योग्य नाव सापडलं नसतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आई माझ्या शेजारी बसली होती.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात वॉर्डच्या सिस्टरला तुमचं नाव म्हणता येईना, म्हणून तिनं जेसन म्हटलं आणि तुम्ही ओ दिलीत. ही गोष्ट पाहुण्यांना किती रंगवून सांगायचात. माझा राग त्यावर नाही. तुम्ही परीक्षा देत होतात तेव्हा पुण्याहून एमबीबीएस झालेली आई त्याच हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ट्रे पुसत होती. आधी माझं होऊ दे, मग तुझं, असं तुम्ही तिला सांगितलं होतंत. तुमचं झालं. मग तुम्ही क्रॉयडनला दुसरा संसार थाटलात. आई तुम्हाला कायम 'अहो' म्हणायची. घटस्फोटाच्या वेळी सॉलिसिटरनं नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं, तेव्हा ते मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी सतरा वर्षांची होते. त्याला कळेना, म्हणून तिनं एकेक अक्षर करून दोनदा सांगितलं. त्या दिवसाबद्दल मी तुम्हाला कधीही माफ करणार नाही.

परवा चहाच्या वेळी तो कन्सल्टंट आमच्याजवळ आला. मी म्हटलं, गोष्ट अर्धीच सांगितलीत. ग्रीक पुराणातल्या जेसनसाठी एका राजकन्येनं बाप सोडला, देश सोडला, तिच्या विद्येच्या जोरावर त्याला सोन्याची लोकर मिळाली, आणि मुलं झाल्यावर त्यानं दुसरीशी लग्न ठरवलं. आईनं माझा दंड धरला. मला वाटलं, गप्प बसवणार. पण ती त्याला म्हणाली, "त्यांचं नाव जेसन नव्हतं. आणि मीसुद्धा डॉक्टर आहे."

त्यानं पेन काढून तिच्याकडून तुमचं नाव लिहून घेतलं. पाटी बदलतील म्हणे.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. शाळेत ग्रीक गोष्टी शिकवल्या तेव्हा हात वर करून मीच वर्गाला सांगितलं होतं, माझे बाबा जेसन आहेत, डॉक्टर आहेत. टीचरनं विचारलं, आणि आई काय करते? मी म्हटलं, काही नाही.