खिडकीच्या खोलीचा हक्क

मी, खाली सही करणारी, आयुष्यभर लोकांचे कपडे शिवून घर चालवलेली बाई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. म्हातारीचं डोकं फिरलंय, असं जावईबापू सांगत सुटलेत. फिरलं असतं तर त्यांचं ऐकलं असतं.

माझं स्वकष्टार्जित दोन खोल्यांचं घर मी माझ्या थोरल्या मुलीला देते. मात्र खिडकीची खोली तिच्या मुलीचं, म्हणजे माझ्या नातीचं, शिक्षण पूर्ण होईपर्यंत तिच्या अभ्यासासाठीच राहील. ती भाड्याने देऊ नये. तिथे पाहुणे झोपवू नयेत, अडगळ तर मुळीच टाकू नये.

बँकेतली शिल्लक नातीच्या फीसाठी.

शिलाई मशीन शेजारच्या काजं-बटणं करणाऱ्या बाईला द्यावं. नातीला देऊ नये. "शिकून काय दिवे लावणार आहे? बसवा मशीनवर," असं जावई म्हणाले तेव्हा मी बोलले नाही, कारण तोंडात टाचण्या होत्या. उत्तर आता देते: नाही बसवणार.

धाकट्या मुलाला मी काहीही देत नाही. लेकरा, हा राग नव्हे. तुझा वाटा तुला आधीच पोचलाय. आपल्या गल्लीत नळाला पाणी यायचं ते नेमकं शाळेच्या वेळेला. तुझे वडील गेलेले, मी कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर. तुझी ताई बादली घेऊन रांगेत उभी राहिली म्हणून तू वर्गात बसलास. दोघंही माझीच, दोघंही कष्टाळू. आज तुझ्या घरात तोटी फिरवली की पाणी, पोरांना वेगळी खोली. ती अजून पत्र्याखाली राहते, सामाईक नळावर भांडते आणि चुलीच्या धुराने खोकते. तुझी नोकरी तुझ्या हुशारीची, कबूल. पण पाणी तिने भरलंय. माझ्या नातीने ते भरत बसायचं नाही.

ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणाल्या. मग साक्षीदार घरातच आहे की, म्हटलं. धाकट्याला बोलावून इथवरचं वाचायला दिलं. वाचून झाल्यावर कागद खाली ठेवत तो म्हणाला,

"आई, ताईची ती बादली तेवढी माझ्या नावावर कर. कडीला चिंधी गुंडाळलेली."

"बादली घेतलीस तर सही करता येणार नाही, बाबा. काय ते एक ठरव."

त्याने डोळे पुसले आणि पेन मागितलं. बादली थोरलीचीच राहील.

ठिकाण: वर लिहिलेलं घर, खिडकीची खोली.
दिनांक: नातीचं कॉलेज सुरू होण्याआधीचा सोमवार.

लिहून ठेवणार: शिवणवाली (सही)

साक्षीदार: समोरचा इस्त्रीवाला (सही). यालाही काही मिळणार नाही, आणि हे त्याला दोनदा सांगितलं आहे.

साक्षीदार: धाकटा मुलगा (सही). मी वाचलं. सगळं खरं आहे. या खोलीला कोणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे.