सुट्टीच्या दिवशी दुखणं नको

जुन्नर, ५ जानेवारी २०२५

ती. आईस,
स. जयभीम वि. वि.

फोनवर तू ‘जेवलीस का’ एवढंच विचारतेस आणि मीही हो म्हणून ठेवून देते. म्हणून हे पत्र घोडेगावच्या गाडीचे कंडक्टर गोरखभाऊ यांच्याकडे देतेय. वॉर्डात खाटा भरून खाली गाद्या टाकल्यात आणि सिस्टर आम्ही दोघीच. अश्विनी राजीनामा देऊन गेली, तिची ड्युटीही माझ्याच गळ्यात. काल सलाईन संपलं म्हणून एका पेशंटचा भाऊ अंगावर धावून आला. मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि परत इंजेक्शनं द्यायला लागले.

त्यात सुट्टीला शिनोलीला यावं, तर ओट्यावर बयाबाई आणि धोंडाबाई रिपोर्टांच्या पिशव्या घेऊन हजर! यापुढे माझ्या सुट्टीच्या दिवशी घरात कुणी दुखण्याचं नाव काढायचं नाही. काढेल त्याला मोठी सुई टोचीन, आणि हे तुलाही लागू. तुझी शुगरची गोळी मात्र चुकवू नकोस. माझ्या साक्षीचा पापा घे. तिला तू सांभाळतेस म्हणून माझी नोकरी चाललीय.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी कल्याणी

शिनोली, ९ जानेवारी

चि. कल्याणीस,
आईचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

तुझा हुकूम साऱ्या आळीला सांगितला. बयाबाई म्हणाली, लई मोठी सिस्टर झाली व्हय तुजी लेक. मी म्हटलं, माझ्या दारात ती लेक म्हणून येती, सिस्टर म्हणून न्हाई. फुगलीये, फुगू दे.

साक्षी मजेत आहे. तिला हल्ली तुझा भाऊ प्रबुद्धच गाडीवरून शाळेत सोडतो. थंडी लई आहे. मी त्याचे जुने मोजे घालून बसल्या बसल्या भाकरी थापते. तू ये आणि नुसती झोप.

माया आहे ती वाढव.
तुझी आई द्रौपदा

जुन्नर, २० जानेवारी

ती. आईस,
स. जयभीम वि. वि.

परवा सुट्टीला घरी आले आणि किती दिवसांनी अशी झोपले गं! कुणी रिपोर्ट दाखवला नाही. तू उशाशी बसून डोक्याला तेल लावलंस. पण बुद्धमूर्तीपुढे एवढ्या उदबत्त्या कशाला लावल्यास? घरभर धूर. त्यातूनही मला आमच्या ड्रेसिंग रूमचा वास येत होता, चिघळलेल्या जखमेचा. घासघासून आंघोळ केली तरी हा वास नाकातून जात नाही. सगळं सोडून द्यावंसं वाटतं, आई. वेड लागेल मला.

माझी काळजी करू नकोस, आठवण मात्र काढ.
तुझी कल्याणी

पुणे, ८ फेब्रुवारी

चि. कल्याणीस,
अनेक आशीर्वाद.

प्रबुद्धने फोनवर सांगितलं तर तू फोन ठेवून दिलास म्हणे. म्हणून त्याच्याकडून हे लिहवून घेते. इथल्या दवाखान्यात माझा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. चप्पल चावून एवढीशी जखम झाली होती, मी हळद भरत राहिले. तू आलीस तेव्हा सांगणार होते, पण तू पिशवी टाकलीस आणि झोपलीस. पोरीला एक दिवस मिळालाय, तो माझ्या पायापायी कशाला घालवू? पुढल्या सुट्टीला सांगू म्हटलं, तर तुला सुट्टीच मिळाली नाही.

साक्षी बयाबाईकडे आहे. तिने मागचा राग धरला नाही. आता पोरीच्या मागे कोण पळणार, तेवढंच मनात येतं.

जिवाला जप.
तुझी आई द्रौपदा

जुन्नर, १० फेब्रुवारी

ती. आईस,
स. जयभीम वि. वि.

मेट्रन म्हणाल्या, बदली सिस्टर मिळेपर्यंत रजा नाही. आज एका आजींच्या पायाची पट्टी सोडली आणि तोच वास आला. सून नाकाला पदर लावून उभी होती. घरात असून इतके दिवस कळलं कसं नाही, म्हणून सवयीने मी तिच्यावर ओरडले. ती म्हणाली, त्यांनी आमाला सांगितलंच न्हाई ओ, पर वास येत व्हता. मला पुढे पट्टी बांधता आली नाही.

मलाही आला होता, आई. मी गोधडी नाकावर ओढून घेतली आणि झोपले.

लोभ असू दे म्हणायला आज तोंड नाही.
तुझी कल्याणी